पायथ्याची खानावळ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. घाटवाटांच्या भटकंतीवर माझा ब्लॉग आहे. तो वाचून लोक अजून निघतात, म्हणून दर उन्हाळ्यात जुने लेख उघडून एसटीच्या वेळा, बुजलेल्या वाटा दुरुस्त करतो. एका ओळीला मात्र हात लावला नाही : ‘पायथ्याची शांताबाईंची खानावळ बंद पडली आहे, डबा सोबत न्या.’ मी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं, एवढाच माझा पुरावा.

लवकरच त्या लेखाखाली शांताबाईंच्या मुलीने लिहिलं, “काका, आजोबा वारले होते. सुतकात खानावळ कशी चालवणार? तेराव्यानंतर लगेच उघडली. आता सगळे डबा घेऊनच येतात. तेवढी ओळ काढा की.”

चुकलो म्हणायची लाज वाटली. उद्या काढू, म्हणत राहिलो. आपण लिहून पुढे जातो. ओळ मात्र वाटेवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहते.

परवा गेलो. दाराला कुलूप होतं आणि ओट्यावरच्या चुलीत गवत उगवलं होतं. माझी ओळ आता खरी झाली होती.

शेजारची म्हातारी म्हणाली, “गिऱ्हाईकच येईना, मग मिटवली. पुढं शांताबाईबी गेली. तुमी डबा आणलाय न्हवं?”

आणला नव्हता. शांताबाईंच्याच पंगतीला बसायचं आणि त्या भाकरी वाढत असताना म्हणायचं ठरवलं होतं, “बाई, माझं चुकलं.”