वाळूतली मारिया

आई सांगलीहून माझ्याकडे जर्मनीत कार्ल्सरूहेला आली, तेव्हा राजवाडा, बाग आणि दोन मोठी चर्च बघून झाल्यावर तिला आणखी काय दाखवावं हे मला सुचेना. चर्चमध्ये तिचं मन रमलं नव्हतं. छत फार उंच आहे, देव लांब वाटतो, असं म्हणाली. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने एक जागा सुचवली. ऱ्हाइनच्या बाजूला पाइनच्या रानात वाळूच्या जुन्या टेकड्या आहेत. आसपासचे लोक त्यांना सरळ 'वाळवंट'च म्हणतात. तिथे एका म्हाताऱ्याने एकट्याच्या हातांनी मारियाचं, म्हणजे येशूच्या आईचं, देऊळ बांधलंय आणि अजून बांधतोय.

देऊळ म्हणजे घराएवढा सिमेंटचा डोंगर होता. फुटक्या बशा, बिअरच्या बाटल्यांची बुडं, सायकलींचे लाल दिवे, शिंपले, सगळं त्यात रुतवलेलं. अर्ध्या उंचीवर मारिया उभी होती. तिचा चेहरा काही जमला नव्हता; डोळे कानांकडे गेले होते. माझी आई पिंपळाला हात जोडते, रस्त्यावरून जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सलाही जोडते. इथे मात्र ती नुसती बघत राहिली.

म्हातारा हातात थापी घेऊनच बाहेर आला. आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या, आता हे करतो, असं त्याने सांगितलं. आईने वर जायचं का अशी खूण केली, तर त्याने पायऱ्या दाखवल्या. चढताना तिने भिंतीला हात टेकला, हातातली हिरवी बांगडी एका बाटलीच्या बुडावर आपटली आणि तुकडे खाली पडले.

आईचा चेहरा उतरला. "बांगडी वाढली," ती हळूच म्हणाली.

म्हाताऱ्याने मला विचारलं, काय म्हणाल्या? आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, नवऱ्याच्या आयुष्याशी त्याचा संबंध असतो, हे सगळं मला सांगायचं होतं. पण तोंडून जर्मनमध्ये एवढंच निघालं, की आई म्हणते, बांगडी वाढली. तो आईकडे बघत राहिला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर. त्याला नक्की काय पटलं, कुणास ठाऊक.

आई तेवढ्यात फोन घेऊन निघालीही होती. हिवाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि त्यांनीच आग्रह करून तिला पाठवलं होतं. टेकडीच्या माथ्यावर रेंज मिळाली.

"अहो, बरे आहात ना?"

बाबा क्रिकेट बघत होते. बरा आहे, मला काय होणार आहे, म्हणाले आणि चहा गार होतोय म्हणून फोन ठेवला.

आम्ही खाली आलो, तर म्हाताऱ्याने ते तुकडे मारियाच्या मनगटावर ओल्या सिमेंटमध्ये बसवून टाकले होते. फुटलेली बांगडी देवीच्या हातात! मी त्याला ते काढायला सांगणार, तोच आईने माझा दंड धरला.

"असू दे," ती म्हणाली. मग बराच वेळ मारियाकडे बघून तिने विचारलं, "ही सवाष्ण का गं?"

नवरा होता, पण मुलगा त्याचा नव्हता, पण... मी अडखळले आणि म्हाताऱ्याला विचारलं, मारियाचा नवरा तेव्हा हयात होता का? तो "या," म्हणजे हो, म्हणाला. मग "आल्झो...", म्हणजे असं की... म्हणून थांबला आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागला. आम्ही तिघं त्या वाळूत तशीच उभी राहिलो.

परतताना गाडीत मी आईला विचारलं, वाईट वाटलं का तुला?

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझं मलाच कळत नाहीये."

त्या रविवारी ती बाबांना फोनवर राजवाड्याबद्दल सांगत होती, बागेतल्या बदकांबद्दलही सांगितलं. वाळूतल्या देवळाचा विषय तिने काढला नाही.

ती परत जायच्या आधी एकदा मी म्हटलं, पुन्हा तिकडे जायचं का? "नको," ती म्हणाली. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "फार लांब आहे का गं ते?" फार नाही, तासाभरात पोचतो, मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली. तिला जायचं होतं की नव्हतं, मला समजलं नाही. आम्ही गेलो नाही.