बँकेच्या लेखी मी मेलोय

गड्यांनो, दुपारपासनं डोकं बधिर झालंय.

मी इकडं कोईमतूरला सोनं गाळायच्या दुकानात कामाला हाय. मालक गावी परत चाललाय, दुकान मलाच द्यायला तयार हाय. म्हणून आज कर्ज मागाय गेलो. बँकेतल्या बाईनं माझा क्रेडिट रिपोर्ट बघितला आणि म्हणाली, "तुम्ही कोण? हा माणूस तर वारलाय."

खरंच, माझ्या नावाफुडं मयत लिवलंय!

मोटारसायकलचं कर्ज अण्णा आणि मी मिळून काढलेलं. अण्णा, म्हंजे माझे वडील, गेल्या साली गेले. आईनं त्यांच्या मृत्यूचा दाखला त्या बँकेच्या सांगलीच्या शाखेत दिला. तिथं कुणीतरी त्यांच्या जागी मलाच मारलं.

आईला सांगितलं तर फोनवरच कडाडली, "मुडदा बशिवला त्येंचा! उद्या जाती आन् बघती एकेकाला."

मग ऑनलाइन तक्रार भरली. 'मी जिवंत आहे' झटक्यात लिवलं. 'वडील वारले आहेत' लिवायला मात्र लय येळ लागला. आजवर हे कुठं लिवलंच नव्हतं.

कर्ज मागायच्या आधी आपापला रिपोर्ट बघा रं. दुरुस्तीला महिना लागंल म्हणत्यात, तवर मालक थांबंल का ठाव न्हाई. तुमच्यात कुणी असं कागदावर परत जिवंत झालंय का? किती दिवस लागले?