यादीबाहेरची दाभणबाई

दाभणबाईचं खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी आठवतं की नाही, देव जाणे. गाद्या शिवायचा वीतभर दाभण ती अंबाड्यात खोवून फिरायची, आणि जीभ त्याहून टोकदार. म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं. नवरा कापूस पिंजायचा, ही टाके घालायची, आणि तयार गादी डोक्यावर घेऊन तो लोकांचे जिने चढायचा. वीस वर्षं चढला. मग जांघेत लिंबाएवढी गाठ आली.

"हर्निया आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन लवकर करा. आतडं अडकलं तर माणूस हातचा जाईल."

सरकारी विम्यात हे ऑपरेशन होत होतं. पण विमा फक्त यादीतल्या गरिबांना, आणि यादीत यांचं नाव नव्हतं.

त्याला कारण दाभणबाईचाच ताठा. दोन वर्षांपूर्वी गणतीवाला घरं बघायला येणार असं कळलं, तेव्हा तिनं शेजारच्या जावेचा फ्रिज ढकलत आपल्या घरात आणवला. एका गिऱ्हाइकाचा सोफा नव्या गाद्यांसाठी आलेला, तो मधोमध मांडला. परक्या माणसानं आपलं घर बघून चुकचुकायचं? तिच्या हयातीत नाही! गणतीवाला त्याच सोफ्यावर बसून चहा प्याला, कागदावर दोन खुणा केल्या आणि तिला 'सुखवस्तू' करून गेला. तिकडे जावेच्या घरात फ्रिजच नाही, म्हणून जाऊ यादीत!

चूक तिची, कबूल. पण फ्रिज बघून माणसाचं आतडं ओळखायचं, ही कुठली विद्या?

तेवढ्यात विमा सगळ्यांना लागू करायचा की नाही, यावर नगरभवनात सुनावणी लागली.

नवरा म्हणाला, "जाऊ नकोस. चारचौघांत शोभा होईल."

"शोभा गेली खड्ड्यात. तुम्हाला काही झालं तर शोभा काय उशाला घेऊ?"

जाऊ दारातच आडवी आली. "माझं नाव घेतलंस तर याद राख! मला साखरेचं औषध त्याच कार्डावर मिळतं."

दाभणबाईनं चपला पायात सरकवल्या. जावेला सोबत घेऊनच गेली.

सभागृहात एक सल्लागार माइकवर सांगत होते, "सगळ्यांना फुकट दिलं, तर लोक शिंक आली तरी इस्पितळ गाठतील."

दाभणबाई जागेवरूनच ओरडली, "शिंकेसाठी टेबलावर कोण झोपतं हो? तुम्ही हौसेनं कधी पोट फाडून घेतलंय? आणि फुकट कसलं? कापडावर, दोऱ्यावर आम्ही कर भरतो, तो काय तुमच्या खिशातून?"

हशा पिकला. अध्यक्षांनी तिला पुढं बोलावलं. तिनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं: ताठा, उसना फ्रिज, परका सोफा. अंगावरची चादर भर बाजारात ओढल्यासारखं वाटत होतं, तरी मान वर.

अध्यक्ष म्हणाले, "मग सोपं आहे, बाई. फ्रिज कुणाचा ते सांगा. नोंद दुरुस्त करू, तुमच्या नवऱ्याचं काम होईल."

मागं जाऊ पदर तोंडात धरून बसलेली. नवऱ्याचं ऑपरेशन एका नावावर आलं होतं.

"नाही सांगत."

"मग आमचा नाइलाज आहे."

"नाइलाज आमचा आहे, साहेब! एकीला खाली ओढून दुसरीला वर चढवायचं, आणि आम्ही झिंज्या उपटत बसायचं? गरीब कोण ते शोधत बसू नका. आजारी कोण ते बघा, आणि सगळ्यांना द्या."

"फ्रिज माझा!" मागून जाऊ किंचाळली. तरातरा पुढं येत म्हणाली, "घ्या, लिहा! पण एक ध्यानात ठेवा, त्या फ्रिजला माझी साखर कळत नाही!"

"गप गं भवाने," दाभणबाई पुटपुटली, "कार्ड घालवशील." पण जावेचा हात तिनं घट्ट धरला होता.

अध्यक्ष म्हणाले, निर्णय पुढच्या महिन्यात.

"महिनाभर थांबशील का, असं त्या आतड्याला विचारा आधी," म्हणत दाभणबाईनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी टेबलावर आपटली आणि दोघी जावा मंचासमोर फतकल मारून बसल्या. मागून आणखी पंधरा-वीस जणी आल्या. जेवणाची वेळ टळली तसे साहेब चुळबुळू लागले. चारच्या सुमारास 'तातडीची बाब' म्हणून ऑपरेशनची तारीख लेखी मिळाली.

"आता तरी उठाल?" अध्यक्षांनी विचारलं.

तिनं कागद चोळीत खोचला. "हा माझ्या घरचा झाला. या बायकांचं काय?" आणि मांडी आणखी ऐसपैस केली.