दुबईतलं प्रवाळदगडांचं घर

आगबोट किनाऱ्यापासून दूरच नांगरली. पडावातून दुबईच्या खाडीत शिरलो, तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरले ते घरांवरचे चौकोनी मनोरे. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी इंजिनिअर, मुंबईहून सिमेंटच्या नव्या घराचा नकाशा घेऊन आलो होतो. एक जुनं घर पाडून त्या जागी ते उभं करायचं होतं.

धक्क्यावर दाऊदभाई न्यायला आले. ते मूळचे राजापूरचे, घराचे मालक यूसुफशेठ या कापडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून. मागच्या भिंतीला तडा गेल्यापासून शेठनी मुलांना भावाकडे ठेवलंय, असं त्यांनी वाटेत सांगितलं.

घर समुद्रातून काढलेल्या प्रवाळदगडांचं. दीड हात जाड भिंती, त्यांवर जुस्स (भाजलेल्या जिप्समचा गिलावा). छताला चंदल (आफ्रिकेतून आणलेले खारफुटीचे वासे). वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद. मनोऱ्याला बारजील म्हणतात. वारा कुठूनही येवो, तो त्याला खालच्या खोलीत उतरवतो. बाहेर अंगाची लाही होत होती. बारजीलखाली उभा राहिलो आणि घामानं भिजलेला शर्ट वाळून गेला.

दुपारी मछबूस (मसाल्यात शिजवलेला मासळीभात) जेवताना शेठनी पाडकाम कधी सुरू करणार, असं विचारलं. मी दोन दिवस मागून घेतले.

मागच्या खोलीत तड्यापाशी गिलावा उकरला. आतले दगड ठणठणीत होते, पायाही खचला नव्हता. पलीकडच्या न्हाणीचं पाणी मुरून जोड सुटले होते, एवढंच. न्हाणी हलवा, भिंत राहू द्या, असं मी शेठना सांगितलं.

ते मुंबईत राहिलेले, हिंदी सफाईनं बोलत. त्यांनी विचारलं, "तुमची मुलं असती, तर या खोलीत झोपवली असती?"

"माझी खाट इथंच टाका," मी म्हणालो.

न्हाणी दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तडा भरला गेला. त्या कामाचे आठ दिवस मी त्या भिंतीलगत झोपलो. शेठ रोज सकाळी दारातून डोकावून जात. नवव्या दिवशी मुलं परतली. धाकट्या मुलीनं आल्या आल्या माझी खाट बाहेर काढायला लावली. खोली तिची होती.

मुंबईला परतल्यावर कचेरीतले साहेब वैतागले. हातचं काम घालवलंस, म्हणाले. खरंच घालवलं होतं. पुढे मी सिमेंटची घरं पुष्कळ बांधली, आनंदानं बांधली. पण कुणी घर पाडायला सांगितलं, की आधी तिथं मुक्काम करतो.