रासकर मॅडमचा डावा कान

रासकर मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या तो एकच शब्द होता. “उठा.”

मी आमच्या कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसलो होतो. निगडीहून चाकणला जाणारी सकाळची बस. कंपनीच्या बसमध्ये सीटवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, तरी प्रत्येकाची जागा सातबाऱ्यावर चढवल्यासारखी पक्की असते. मागचा बाकडा झोपाळू पोरांचा, मधला भाग बायकांचा, आणि दाराजवळची, समोरचा सगळा रस्ता दिसणारी एकटी सीट माझी. कारण मी ॲडमिनमधला, बसगाड्या बघणारा माणूस. त्या सीटवर टेकलं की आपण जहाजाचे कप्तान आहोत असं मला उगाचच वाटायचं.

“मॅडम, ही माझी सीट आहे,” कप्तान म्हणाला.

“सीट कंपनीची आहे. तुमचं त्यातलं फक्त बूड आहे. ते उचला आणि मागे न्या. समोरचा रस्ता दिसला नाही तर तळवडे यायच्या आत मी ओकणार आहे, आणि मग ही सीट तुम्हालाही नको होईल.”

मी उठलो. ड्रायव्हर ज्ञानोबा आरशातून बघून गालात हसला.

रासकर मॅडम ब्रेकच्या भागांच्या असेंब्ली लाइनच्या इन्चार्ज होत्या. पंचेचाळिशी ओलांडलेली, बुटकी, कडक बाई. सेफ्टी शूज घालून चालायला लागल्या की मशीनच्या हॉलभर, आमच्या भाषेत शॉपभर, कळायचं. माणसांना त्या खात्याच्या नावानं हाक मारत. “अहो स्टोअर, माल कुठाय?”, “ए मेंटेनन्स, झोपलास का?” मी अर्थातच “ट्रान्सपोर्ट”. त्या कायम रागावलेल्या असत. एखाद्या दिवशी नसल्या तर ‘मॅडमना बरं नाही, वाटतं’ अशी चर्चा कॅन्टीनमध्ये होई, आणि गंमत म्हणजे ती बहुतेक वेळा खरी असे.

काही दिवसांनी तळवड्याच्या चौकात त्यांनी ज्ञानोबाला हात केला, बस थांबली आणि त्या खाली उतरून गटाराच्या कडेला वाकल्या. परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडलेला, हात दाराच्या दांड्याला घट्ट. मला वाटलं, आपण काही तरी बोललं पाहिजे. माझ्या डोक्यात उलटी आणि बाई या दोन गोष्टींचा एकच अर्थ निघतो, तोही हिंदी सिनेमातून आलेला. मी पुढे झुकून, आवाज मऊ करून म्हणालो, “अभिनंदन, मॅडम.”



“ट्रान्सपोर्ट,” त्या दांड्याला धरूनच म्हणाल्या, “माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला फोन लावून देते. तुम्हीच सांगा, भाऊ येतोय म्हणून.”

चाकण येईपर्यंत बस हसत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. पण त्याच दिवसापासून मला त्यांचा आजार कळत गेला. मलाच काय, सगळ्या बसला. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे त्यांचं हळू बोलणंही शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचायचं.

“आपल्या शॉपमधला कॉम्प्रेसर आहे ना, तो माझ्या डाव्या कानात बसवलाय. दिवसभर चालू. फरक एवढाच की याच्यासाठी मेंटेनन्सचा माणूस नाही. मग एखाद्या दिवशी कान गच्च भरल्यासारखा होतो, आणि जमीन निघून जाते. चक्कर म्हणू नका हो तिला. चक्कर उपाशी राहिल्यावर येते. ही मला धरून फिरवते.”

कानाच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव मेनियर सांगितलं होतं. कानाच्या अगदी आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागातलं पाणी वाढतं, असं काहीसं. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. मीठ कमी करायचं हे मला मागाहून कळलं. तोपर्यंत मी त्यांच्यासाठी रोज, अगदी माझ्या बायकोला कामाला लावून, मीठ लावून वाळवलेला आवळा आणत होतो. उलटीवर रामबाण! मॅडम मुकाट्यानं डबी घेत आणि पर्समध्ये टाकत. मला वाटे, गुण येतोय. एक दिवस त्यांनी साठवलेल्या सगळ्या डब्या माझ्या मांडीवर ओतल्या.

“मला मारायचं कंत्राट घेतलंय का तुम्ही? यातला एक जरी खाल्ला असता तरी कानात समुद्र झाला असता. वहिनींना सांगा, आवळा सुंदर दिसतो. आणि हेही सांगा की तुमचा नवरा विचारत नाही, आणतो.”

लाइनवर खराब माल वाढला की रासकर मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “काय बदललं?” माणूस बदलला, मशीन बदललं, कच्चा माल बदलला की काम करायची पद्धत बदलली? काही बदलल्याशिवाय दोष उगवत नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. हाच प्रश्न त्यांनी स्वतःच्या कानाला लावला, आणि उत्तर त्यांना सापडलं. कानाचे झटके पाळीच्या आधीच्या दिवसांत येत होते. आणि अलीकडे पाळीच बेभरवशाची झाली होती, कधी लांबायची, कधी लगेच यायची, तसे झटकेही कधीही यायला लागले होते.

हे त्यांनी आम्हाला बसमध्ये, मोशीच्या बाजूनं वळसा घालून जाताना, त्यांच्या त्या हळू आवाजात सांगितलं. ‘पाळी’ हा शब्द ऐकताच मागचा अख्खा बाकडा एकाएकी झोपला. मी मोबाईल काढून बंद स्क्रीनकडे बघत बसलो.

“झोपा, झोपा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही सगळे आभाळातून पडलात ना!”

त्यांनी कानाच्या डॉक्टरांना विचारलं, “याचा पाळीशी संबंध आहे का?” ते म्हणाले, “ते बायकांच्या डॉक्टरना विचारा.” बायकांच्या डॉक्टर म्हणाल्या, “कानाचं ना? ते कानवाल्यांना विचारा.” मॅडम परत कानवाल्यांकडे गेल्या आणि तिथूनच बायकांच्या डॉक्टरना फोन लावला, स्पीकरवर. “माझं शरीर एक आहे, केबिनी तुम्ही दोन केल्यात. आता एकमेकांशी बोला. मी बसलेय.” दोन शिकलेली माणसं तेव्हा पहिल्यांदा एका बाईच्या कानाबद्दल एकमेकांशी बोलली. निष्पन्न एवढंच झालं, की काही बायकांमध्ये असं दिसतं, हार्मोन्स वरखाली होतात तेव्हा त्रास वाढतो, पण कसा आणि का ते नक्की सांगता येत नाही, सगळ्यांनाच होतं असंही नाही. फारसा अभ्यासच झालेला नाही.

“अभ्यास का नाही झाला?” मॅडम दुसऱ्या दिवशी मला विचारत होत्या, जणू मीच तो करायचा विसरलो होतो. “निम्मं जग बायकांचं आहे, ट्रान्सपोर्ट. आमच्या बाबतीत ‘काय बदललं’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही?”

 यावर द्यायला माझ्याकडे आवळाही नव्हता.

ज्ञानोबा मात्र शहाणा निघाला. महाळुंग्याकडचा माणूस, बोलणं थोडं. मॅडम चढताना त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, “आज ठीक दिसत न्हाई, बाई. लोण्यावानी न्हेतो गाडी. तुमी समोर बघा, कंपनी काय पळून जात न्हाई.” त्या दिवशी बस उशिरा पोचायची आणि बोलणी मला बसायची.

मग ते झालं. लाइनवर भर शिफ्टमध्ये मॅडमना झटका आला. त्यांनी रॅक धरला, रॅकवरचा ट्रे घेऊन त्या खाली बसल्या, सुटे भाग शॉपभर घरंगळले. लाइन थांबली. आमच्याकडे माणूस पडला तर चालतं, लाइन थांबलेली चालत नाही. संध्याकाळपर्यंत कोणी म्हणालं बीपी, कोणी म्हणालं नाटक, आणि एका महाभागानं तर हातानं बाटलीची खूण केली. त्याला मी काही बोललो नाही याचा राग मला आजही येतो, पण तो माझा मी बघून घेईन.

प्लांटच्या साहेबांनी मला बोलावलं. मॅडमना लाइनवरून काढून कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजमापाची साधनं तपासायच्या, खोलीत टाकायचं ठरलं होतं, आणि त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला तर त्याहून बरं. “तुम्ही बोला त्यांच्याशी. तुमचं बोलणं गोड आहे,” साहेब म्हणाले. मी फुशारलो. कॅन्टीनमध्ये मॅडमसमोर बसलो आणि सुरुवात केली, “मॅडम, शेवटी आरोग्य महत्त्वाचं.”

“कोणाचं? माझं की लाइनचं?”

पाठ केलेलं पुढचं वाक्य मी विसरलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच आवाज खरोखर खाली आणला. “ही लाइन मी उभी केलीय. पहिलं मशीन पेटीतून काढलं तेव्हा मी होते. मला तिथून काढलंत तर मी कोण उरते, सांगा. गोड बोलून सांगा.”

मीटिंग झाली. साहेब, आठवड्यातून एकदा येणारे कंपनीचे डॉक्टर, मॅडम, आणि कोपऱ्यात मी. मॅडमनी तीन गोष्टी मागितल्या. शिफ्ट सारखी फिरवू नका. झटका येतोय असं कळलं की बसायला लाइनवर एक खुर्ची द्या. आणि लाइन माझ्याकडे ठेवा. आता आमच्या लाइनवर खुर्ची नसते. जो बसला तो काम करत नाही, असा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. बाया आठ-आठ तास उभ्या असतात.

डॉक्टर हसून म्हणाले, “मॅडम, या वयात बायकांचं असं व्हायचंच. मेनोपॉज. थोडं मनालाही लावून घेतात.”

मग मॅडम उभ्या राहिल्या.

“प्रेस मशीनमधनं आवाज यायला लागला तर ‘या वयात व्हायचंच’ असं लिहून तुम्ही सही करता का? तेव्हा उघडून बघता! मी दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावून आलेय, आणि तुम्ही माझा कान न बघता माझं मन बघताय? दिसतं का तुम्हाला ते, इथून?”

“हा पर्सनल विषय आहे,” साहेब म्हणाले.

“पाळी म्हणा, साहेब. शब्द आहे तो. लाइनवर सगळ्याजणींना येते आणि तुमचं प्रॉडक्शन त्यांच्यावर चालतं. पर्सनल कसला?”

“एकीला खुर्ची दिली तर सगळ्या मागतील.”

“मागू द्या! निदान कळेल तरी, किती जणींना लागते.”

 इथे मी काही तरी केलं पाहिजे असं मला वाटलं, आणि अशा वेळी मी जे करतो तेच केलं. म्हणालो, “सर, मी बसमधली माझी सीट मॅडमना दिली. बस तरी चालतेच आहे.” साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढच्या वाढीचा आकडा तिथल्या तिथे कळला. मॅडमनी मात्र कपाळाला हात लावला. “ट्रान्सपोर्ट, बसा.”

मॅडम हरल्या. खुर्ची मिळाली, पण कॅलिब्रेशनच्या थंडगार खोलीत. तिथे गेज तपासत त्या बसून असत, आणि काचेतून दिसणाऱ्या लाइनकडे पाठ करून. राग तसाच होता. पण तो आता काचेवर आपटून परत यायचा.

वर्ष-दीड वर्षानं पाळी पूर्ण थांबली, आणि हळूहळू झटकेही. पाळी थांबली म्हणून, की आजारच आपोआप निवला, ते डॉक्टरांना सांगता येईना. डाव्या कानाचं ऐकणं मात्र गेलं ते गेलंच. मॅडमनी लाइन परत मागितली. साहेब म्हणाले, तिथे आता दुसरा माणूस बसलाय. बसलाय! उभं राहायच्या लाइनवर त्याला केबिन मिळाली होती, केबिनमध्ये फिरती खुर्ची.

मॅडमनी त्याच दिवशी राजीनामा दिला. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. शाल, नारळ, गणपतीची चांदीची मूर्ती. मॅडमनी मूर्ती टेबलावरच ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. “ट्रान्सपोर्ट, कॅलिब्रेशनमधली माझी खुर्ची आणा.” मी आणली. चाकं नसलेली, जड खुर्ची, मी धापा टाकत होतो. “आता माझ्यामागनं या.” शाल खांद्यावर, पुढे त्या, मागे खुर्ची घेतलेला मी, अशी वरात शॉपमधून लाइनपर्यंत गेली. सगळ्यात शेवटच्या मशीनपाशी त्यांनी खुर्ची ठेवायला लावली. “ही इथली आहे,” त्या बायांना म्हणाल्या, आणि सेफ्टी शूज वाजवत निघून गेल्या.

साहेब दर ऑडिटच्या आधी मला सांगतात, ती खुर्ची हलवा. मी विसरतो. विसरभोळा म्हणून माझी ख्याती जुनी आहे, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

परवा मॅडमचा फोन आला. उजव्या कानाला लावला असणार, तरी त्या ओरडूनच बोलत होत्या.

“ट्रान्सपोर्ट, खुर्ची आहे का?”

“आहे, मॅडम!” मी छाती फुगवून सांगितलं. “अजून तिथेच आहे.”

“किती आहेत?”

“म्हणजे? एकच.”



“इतक्या बाया आणि एकच?” त्या म्हणाल्या, आणि फोन आपटला.