नदीकाठचे शिपाई

आमच्या घरी ‘काटछाट’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. बाबा सरकारविरोधी पत्रकं छापून वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्याच मी यंदा ऑकलंडच्या आमच्या दिवाळी अंकासाठी शिपायांची अख्खी रांग पुसून टाकली.

शिपाई कापडावरचे. ईस्ट टामाकीतल्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मैत्रीण बसते, लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग जमातीची. आम्ही दोघी खोक्यांवरची लेबलं डिझाइन करतो. लाओसमधून पळून आल्यावर तिच्या आईने निर्वासितांच्या छावणीत भरतकाम केलेलं कापड तिने मला स्कॅन करायला दिलं. निळ्या कापडावर कडेने त्रिकोणांची नक्षी, मधून मेकाँग नदी. बांबू धरून पाण्यात उतरलेली माणसं, पाठुंगळी पोरं, आणि मागे काठावर बंदुका रोखलेले शिपाई. अंकाच्या मधल्या जोडपानावर मी ते इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत पसरलं. वर शीर्षक दिलं, ‘आम्हीही नदी ओलांडली’. लेख आमच्याच लोकांचा होता, पुण्याहून विमानाने आलेल्यांचा. ते ‘आम्हीही’ मला फार आवडलं होतं.

हिल्सबरोला संपादक ताईंच्या घरी आम्ही पानं बघत होतो. त्या म्हणाल्या, “सुंदर झालंय गं. पण सणासुदीला बंदुका? लोक चकली खात वाचणार.”

“ताई, तो इतिहास आहे.”

“असू दे की. जरा बाजूला सरकव इतिहास.”

एरवी मी भांडले असते. पण जोडपान जाईल, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम जाईल, याची भीती वाटली. तिथेच बसून मी शिपाई पुसले आणि त्यांच्या जागी त्याच कापडातली झाडं लावली. रोजचंच काम, चटकन झालं.

सोमवारी मैत्रिणीला पान दाखवलं. ती इंग्रजीत म्हणाली, “छान. पोहायला निघालेत वाटतं. स्विमसूट तेवढे विसरले.” ती हसली नाही. एका माणसावर बोट ठेवून म्हणाली, “हा माझा मामा. पलीकडे पोचला नाही.”

संध्याकाळी मी शिपाई परत आणले, ‘आम्हीही’ खोडलं आणि ताईंना फोन केला. असंच छापा, नाहीतर नको. ताईंनी शांतपणे ‘नको’ निवडलं. त्या जागी आता फराळाचे फोटो आहेत.

बाबा फोनवर म्हणाले, “शाब्बास, झुकली नाहीस.” आधी झुकले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आज मैत्रिणीने विचारलं, “अंक आला का? आईने फ्रिजवरचे मॅग्नेट काढून जागा केलीये.”

“बघते,” मी म्हटलं. अंक माझ्या पायाशी, बॅगेत होता.