पोलादात शिरणारा कार्बन आणि अण्णांचा संशय

वाळूजच्या आमच्या कारखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. काम न दिसणारं असलं की संशय येतो, आणि संशयामागून किस्सा. आम्ही गिअर लालबुंद तापवून कार्बनच्या गॅसमध्ये ठेवतो. पोलाद वितळत नाही. तरी कार्बनचे अणू त्याच्या अणूंमधून वाट काढत आत शिरतात आणि वरचा थर टणक होतो. बाहेरून बघाल तर गिअर होता तसाच!

वैजापूरचं एक गिऱ्हाईक भट्टीवाल्या रफिकभाईंवर चिडलं. "भट्टीत टाकला का नुसता धुतला?" रफिकभाईंनी त्याच्या हातात कानस दिली. घासून घासून घाम फुटला, पण गिअरवर ओरखडा नाही. तर म्हणतो, "व्हय, पण तुमची कानसच बोथट नसंल कशावरून?"

आमचे मालक अण्णा त्याच्याही पुढचे. "आत शिरायला इतके तास? रफिक, विजेचं बिल कोण भरतं?"

"गर्दीतून जातेत ते, अण्णा. संध्याकाळी शहागंजातून तुमची गाडी लवकर निघती का?"

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या घड्याळाशेजारी अण्णांनी आणलेलं दुसरं घड्याळ!

गिअरचा जो भाग मऊच ठेवायचा, त्यावर आम्ही तांबूस लेप लावतो. लेपाखाली कार्बन शिरत नाही. एकदा डबा लवकर संपला. "घरची फाटकं रंगवता काय रे?" अण्णांनी विचारलं. तेव्हापासून डबा अण्णांच्या केबिनमध्ये कुलपात, किल्ली त्यांच्या कमरेला.

दसऱ्याला अण्णांनी केबिनमध्येच पहिल्या गिअरची पूजा केली आणि तो स्वतः रफिकभाईंच्या हाती दिला. आम्ही पेढे खाल्ले, गिअर भट्टीत गेला. तपासणीत नेमका तोच खराब निघाला. एका बाजूला मधेच मऊ, भोवताली टणक.

"भट्टी लवकर बंद केलीस तू. उद्यापासून येऊ नको!" अण्णा रफिकभाईंवर कडाडले.

रफिकभाईंचा चेहरा उतरला. तपासणी माझ्याकडे असते, म्हणून मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही तरी एकदा नीट बघा ना."

मी ती बाजू घासून गुळगुळीत केली, अ‍ॅसिड लावलं. कार्बन शिरलेला भाग त्यानं काळा पडतो, न शिरलेला पांढरा राहतो. सगळे वाकून बघत होते. काळ्यावर हळूहळू पांढरं अक्षर उमटलं. श्री! वेलांटी पार खालपर्यंत ओढलेली, अण्णा प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर ओढतात तशी.

अण्णांनी वाकून पाहिलं. कमरेची किल्ली चाचपली. मग आमच्याकडे वळून म्हणाले,

"माझा डबा उघडला कुणी?"